काय माहीत नाही, ते लिहा

अर्ज लिहायला आपण शाळेत शिकतो आणि मग जन्मभर लिहीत राहतो. ‘वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की’ हे वाक्य झोपेतून उठवलं तरी कुणीही म्हणून दाखवील. रजेचा अर्ज, दाखल्याचा अर्ज, नळजोडणीचा अर्ज, कर्जाचा अर्ज. बँकेत तीसेक वर्षं मी या अर्जांच्याच संगतीत काढली. शेवटच्या काही वर्षांत बदलीने सिल्लोडला आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाताना साठ-पासष्ट किलोमीटरवर हे गाव लागतं. अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेली माणसं इथे चहापुरती थांबतात आणि पुढे जातात. गाव मात्र आपल्या कामात असतं. मका, कापूस आणि मिरची ही इथली पिकं. इथली हिरवी मिरची गाड्या भरून परराज्यांत जाते.

बँकेतला माणूस म्हटला की त्याला फॉर्म भरता येतात, अशी लोकांची समजूत असते. त्यामुळे माझ्या ओट्यावर अजूनही कागद येतात. पीकविमा, वारसनोंद, शिष्यवृत्ती. पण गेल्या काही वर्षांत एक नव्या जातीचा अर्ज यायला लागला आणि त्याने मला विचारात पाडलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलं तो घेऊन येतात. संशोधन करण्यासाठी विद्यार्थ्याला पैसे आणि जागा मिळावी, म्हणून करायचा अर्ज.

आमच्या पिढीत संशोधन म्हणजे चष्मा, टक्कल आणि पीएच.डी. पदवीच्या विद्यार्थ्याने परीक्षा द्यावी, संशोधन मोठ्यांनी करावं, अशी सरळ वाटणी होती. ही वाटणी मोडण्याचे प्रयत्न जगात बऱ्याच आधी सुरू झाले. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी पदवीच्या मुलांना थेट प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत कामाला लावणारी योजना सुरू केली. पुढे तिचं अनुकरण ठिकठिकाणी झालं. आपल्याकडे १९९९ साली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना आली, ती २०२२ साली ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या मुलांसाठी खास उपक्रम काढला. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ पासूनची. त्यात पदवीच्या मुलांचा वेगळा गट असतो आणि मूल महाविद्यालयातून विद्यापीठात, तिथून राज्यपातळीवर जाऊ शकतं.

पैशांच्या दृष्टीने मोठी योजना २००८ साली सुरू झालेल्या ‘इन्स्पायर’ची. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या निवडक मुलांसाठी वर्षाला ८०,००० रुपये ठरवले गेले. त्यातले ६०,००० शिष्यवृत्तीचे, आणि २०,००० सुटीत एखाद्या मार्गदर्शकाच्या हाताखाली करायच्या संशोधनासाठी. पण तिचा दरवाजा मुख्यतः बारावीच्या गुणांवर उघडतो. बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात तुम्ही असायला हवं. दुसरा एक दरवाजा आहे तो देशातल्या तीन विज्ञान अकादमींचा. बंगळूरची, दिल्लीची आणि प्रयागराजची, अशा तिघी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने शास्त्रज्ञांकडे पाठवतात. तिथेही गुण विचारतातच, पण सोबत दोन गोष्टी मागतात. एक शिक्षकांचं शिफारसपत्र. आणि दुसरं एक छोटंसं टिपण: तुम्हाला नेमकं काय शोधायचं आहे?

या टिपणापाशी मुलं अडतात. पोरं हुशार असतात, पाठांतर पक्कं असतं, पण या चौकटीपाशी आली की पेन थांबतं.

अशीच एक मुलगी एका दिवाळीच्या आगेमागे आली. जवळच्या खेड्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वडिलांची तीन एकर शेती, त्यातल्या एकरभरात मिरची. बारावीला गुण चांगले होते, पण एक टक्क्यातले नव्हते. तिने आणलेलं टिपण मी वाचलं. ‘विज्ञान हे मानवी जीवनाचा पाया आहे’ इथून सुरुवात होती आणि ‘देशाची सेवा करण्याची माझी इच्छा आहे’ इथे शेवट. मध्ये शोधायचं काहीच नव्हतं.

‘‘हे कुणी लिहिलं?’’ मी विचारलं.

‘‘मीच, काका. मोबाईलवर पाहून.’’

‘‘घरच्या रानात तुला न कळलेलं असं काही आहे का?’’

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘आमच्या मिरचीवर दरवर्षी चुरडा-मुरडा येतो. पण मक्याकडच्या सऱ्यांवर तो उशिरा येतो. दादा म्हणतात, मका वारं अडवतो. मला काही ते पटत नाही.’’

मिरची न लावणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगतो. चुरडा-मुरडा म्हणजे मिरचीची पानं आकसून, वाकडी होऊन झाड खुजं राहणं. काही जण त्याला बोकड्या म्हणतात. शेतकऱ्याच्या तोंडी नाव एकच असलं तरी कारणं तीन असू शकतात. फुलकिड्यांनी रस शोषला तर पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात. कोळी असला तर खालच्या बाजूला. आणि पांढरी माशी असेल तर ती एका झाडावरचा विषाणू दुसऱ्या झाडावर नेते, त्यावर मग औषध नाही. तिन्हींवर एकच फवारणी मारून उपयोग नसतो, तरी ती मारली जाते आणि पैसा जातो. मिरचीभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी लावाव्यात, असं कृषी खातंही सांगतं. पण या मुलीच्या रानात मका वारा अडवत होता, की माशी अडवत होता, की आणखी काही, हे कुणी मोजलेलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, ‘‘तुझा अर्ज झाला. आत्ता बोललीस तेच लिही.’’

तिचा विश्वास बसेना. ‘‘पण काका, हे तर मला माहीतच नाहीये!’’

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. सहाव्या वर्षापासून आपण मुलांना जे माहीत आहे तेच लिहायला शिकवतो. माहीत नसेल तर प्रश्न सोडून द्यायचा, किंवा काहीतरी भरून पान काळं करायचं. ‘मला हे माहीत नाही’ असं उत्तरपत्रिकेत लिहिणारा मुलगा नापास. आणि पंधरा वर्षं ही तालीम झाल्यावर अचानक एक कागद समोर येतो आणि म्हणतो, तुला काय माहीत नाही ते सांग, त्यावर आम्ही पैसे देऊ. मूल गोंधळणारच.

कर्जाच्या अर्जात आम्ही विचारायचो ते नेमकं याच्या उलट. तुमच्याकडे काय आहे? जमीन किती, घर कुणाच्या नावावर, जामीनदार कोण, स्वतःचा हिस्सा किती घालणार. असलेल्या माणसाला आणखी मिळायचं. संशोधनाचा अर्ज, निदान त्याच्या कल्पनेत तरी, नसलेल्या गोष्टीवर उभा आहे. तिथे तारण म्हणून ठेवायचा तो प्रश्न. आणि प्रश्नांच्या बाबतीत सिल्लोडची मुलगी पुण्या-मुंबईच्या मुलीपेक्षा गरीब नाही. तिच्या दारात तीन एकर प्रश्न पसरलेले आहेत.

मग ती गरीब कुठे आहे? पहिली गोष्ट म्हणजे शिफारशीत. तिला शिकवणारे प्राणिशास्त्राचे सर तासिका तत्त्वावरचे. तासाला ठरलेले पैसे, पुढच्या वर्षी असतील की नाही याची खात्री नाही. ते म्हणाले, ‘‘माझ्या पत्राला कोण विचारतंय? मोठ्या कुणाचं तरी घे.’’ मोठ्या कुणीतरी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. ‘विद्यार्थिनी हुशार, कष्टाळू व सुस्वभावी आहे’ असं पत्र मिळालंही असतं, पण तसं पत्र कुणाही विद्यार्थिनीला चालतं, म्हणजे कुणालाच चालत नाही.

या सरांशी बोलताना मला १९१३ साल आठवलं. त्या वर्षाला आपल्या देशातल्या शिष्यवृत्त्यांच्या इतिहासात मोठं स्थान आहे. मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकुनी करणारा एक तरुण वहीत गणितं मांडत होता. पदवी नव्हती, इंटरच्या परीक्षेत तो नापास झालेला. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी त्याच्या वह्या पाहिल्या आणि विद्यापीठाला पत्र लिहिलं. गणिताच्या या शाखेतला मी जाणकार नाही, असं त्यांनी त्यात प्रांजळपणे सांगितलं. तरीही या माणसाला काही वर्षं फक्त गणितासाठी मोकळं ठेवावं, अशी शिफारस केली. विद्यापीठाने नियम बाजूला ठेवून महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

त्याच वर्षी मुंबईहून एक बावीस वर्षांचा पदवीधर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याला तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती, आणि शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार करून घेतला होता. हे भीमराव आंबेडकर. त्यांची महाराजांशी गाठ आधीच पडली होती, बी.ए.च्या शिक्षणासाठी महिना २५ रुपये मिळत होते, आणि ती गाठ घालून देणारे होते कृष्णाजी अर्जुन केळुसकर, एक शाळामास्तर. भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत आपणच लिहिलेलं बुद्धचरित्र केळुसकर गुरुजींनी त्यांच्या हातात ठेवलं होतं. पुढे याच भीमरावांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, आणि १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला १९९४ साली त्यांचं नाव मिळालं. सिल्लोडची मुलगी ज्या विद्यापीठाची पदवी घेणार आहे, ते हेच.

हे सगळं मी तासिका तत्त्वावरच्या त्या सरांना सांगितलं. म्हटलं, केळुसकर गुरुजी कुठल्या विद्यापीठाचे कुलगुरू नव्हते. त्यांनी मुलगा डोळ्यांनी पाहिला होता, एवढीच त्यांची पात्रता. सरांनी मग पत्र लिहिलं. प्रात्यक्षिक संपल्यावर बाकीचे निघून जातात आणि ही मुलगी सूक्ष्मदर्शकाखाली घरून आणलेलं मिरचीचं पान ठेवून बसते, एवढं एकच त्यांनी नीट लिहिलं. मी बँकेत असतो तर अशा कागदावर कर्ज मंजूर केलं असतं.

दुसरी अडचण घरची होती, आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते. या योजना उन्हाळ्यातल्या. मे आणि जून. आमच्याकडे ठिबक आणि मल्चिंगवरच्या मिरचीची लागवड त्याच दिवसांत होते. रोपं लावायला घरातला प्रत्येक हात लागतो. त्यातच लग्नसराई. शिवाय बहुतेक ठिकाणी पैसा नंतर हातात येतो. गाडीभाडं, खोलीची अनामत, पहिल्या महिन्याची खानावळ हे आधी खिशातून घालावं लागतं.

तिचे वडील एका संध्याकाळी आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले, मग म्हणाले, ‘‘साहेब, पोरगी हुशार हे, ते समजतं मला. पण लागवडीच्या दिवसांत दोन महिने बाहेर? राहीन कुठं, खाईन काय?’’

मी वसतिगृहाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर खरा प्रश्न विचारला.

‘‘अन् हे पैसे वापस कधी करा लागतीन?’’

‘‘वापस करायचे नाहीत.’’

‘‘व्याजबी नाही?’’

‘‘नाही.’’

ते माझ्याकडे पाहत राहिले. आयुष्यभर बँक, सोसायटी आणि कृषी केंद्राची उधारी यांच्याशी व्यवहार केलेला माणूस. ‘‘मग देतात काहून?’’ ते म्हणाले.

हा प्रश्न सोपा नाही. कुणी आपल्याला फुकट काही देत असेल तर सावध व्हावं, हे शहाणपण खेड्यातल्या माणसाने फार महाग किमतीला विकत घेतलेलं असतं. मी म्हटलं, ‘‘तुम्ही दरवर्षी थोडं बी राखून ठेवता ना? ते काही लगेच खायला होत नाही. सरकारने ठेवलेलं हे बी आहे. शंभर मुलांमागे पाच जरी पुढे काही शोधणारी निघाली, तरी पैसे वसूल.’’

‘‘अन् बाकीची पंचाण्णव?’’

‘‘ती निदान मोजून बोलायला शिकतील.’’

ते हसले. ‘‘आमच्या घरात ते शिकलीच हे ती. मक्याचं वारं काही पटंना तिला,’’ असं म्हणाले आणि उठले. हो-नाही काहीच बोलले नाहीत.

त्या वर्षी निवड झाली नाही. यादीत नाव नव्हतं आणि का नव्हतं हे कळण्याची सोय नव्हती. मुलगी आठवडाभर गावात दिसली नाही. नंतर आली ती एक वही घेऊन. घरीच राहायचं होतं, तर म्हणाली, आता मोजतेच. मक्याकडच्या पाच सऱ्या, मधल्या पाच आणि बांधाकडच्या पाच. प्रत्येक सरीत ठरावीक झाडं खुणेची दोरी बांधून ठेवलेली. दर रविवारी सकाळी पानाखालच्या पांढऱ्या माश्या मोजायच्या, पान वर वळलं की खाली ते लिहायचं. वही शेणामातीच्या डागांची, पण रकाने सरळ होते. जुलैअखेरपर्यंत तिच्याकडे आकडे जमले. मक्याकडच्या सऱ्यांत माश्या कमी होत्या. पण बांधाकडेही एका टोकाला त्या कमीच निघाल्या, आणि तिथे मका नव्हता. वाऱ्याचाही हिशेब लागेना आणि मक्याचाही.

‘‘आता तर आधीपेक्षा जास्त समजेनासं झालंय, काका,’’ ती म्हणाली, आणि तिचा चेहरा मात्र खुललेला होता.

ती वही घेऊन ती ‘आविष्कार’मध्ये उतरली. विद्यापीठाच्या फेरीपर्यंत गेली, बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी विचारलं, एकाच शेतावरून निष्कर्ष कसा काढता? तिने सांगितलं, निष्कर्ष काढलेला नाही, पुढच्या वर्षी तीन शेतं घ्यायची आहेत. पुढच्या अर्जाच्या टिपणात ‘मानवी जीवनाचा पाया’ कुठेच नव्हता. पहिलंच वाक्य आकड्यांचं होतं. या वेळी दोन ठिकाणी अर्ज केला होता, त्यातल्या एका ठिकाणी, पुण्याच्या एका संस्थेत, निवड झाली.

वडिलांनी हिशेब मांडला तो असा. लागवडीला तिच्याऐवजी एक बाई रोजाने लावायची. भाडं आणि पहिल्या महिन्याचा खर्च मिरचीच्या शेवटच्या तोड्यातून. संस्थेचे पैसे आले की त्यातून बाईचा रोज फेडायचा आणि उरलेले मुलीचे. हातात कागद न घेता त्यांनी हे सगळं सांगितलं. तिला बसमध्ये बसवून दिलं तेव्हा पिशवीत चटणी-भाकरीबरोबर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मिरचीची वाळकी पानंही होती.

ही गोष्ट मी इथेच थांबवतो. ती मुलगी पुढे शास्त्रज्ञ होईल की शिक्षिका, की मिरचीच पिकवील, याचा अंदाज बांधणं माझं काम नाही. पण तिच्या मागे येणाऱ्या मुलांबद्दल बोलायला हवं. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा २०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत आला. आता पदवीच्या वर्गातच क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील त्याला चौथं वर्ष संशोधनासह करण्याची वाट कागदावर आहे. या मुलांची पहिली तुकडी २०२७ साली त्या वाटेच्या तोंडाशी येईल. चौथं वर्ष संशोधनाचं द्यायचं तर विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक हवेत, प्रयोगशाळा हवी. तालुक्याच्या गावी जिथे शिकवणारेच तासिका तत्त्वावर आहेत, तिथे हे कुठून यायचं? मग मूल पुन्हा बसमध्ये बसणार, आणि ज्याला बसचं भाडं परवडत नाही ते तीन वर्षांची पदवी घेऊन थांबणार.

सगळं सरकारवर सोपवून गप्प बसावं असंही नाही. या अर्जांच्या तारखा साधारण दिवाळीच्या आसपास येतात आणि निघून जातात, हे घराघरात माहीत असायला हवं. महाविद्यालयांनी भाड्यापुरती रक्कम उचल म्हणून दिली, तर कित्येक बापांचा हिशेब जुळेल. गावातल्या निवृत्त मास्तरांनी, कृषी सहायकांनी, आमच्यासारख्या कागद चाळणाऱ्यांनी एखाद्या मुलाला समोर बसवून विचारावं की बाबा रे, तुला काय पटत नाही? आणि त्याने सांगितलं की ते जसंच्या तसं लिहायला लावावं. घरातल्या मोठ्यांनी एवढंच करावं की जेवताना पोराने ‘असं का होतं?’ विचारलं तर ‘गप जेव’ म्हणू नये. त्याचा अर्ज तिथेच लिहिला जात असतो.

यंदाची लागवड झाली तेव्हा त्या तीन एकरांच्या रानावरून गेलो होतो. मिरचीच्या तिन्ही बाजूंना मका पेरलेला होता. चौथी बाजू मुद्दाम मोकळी ठेवली होती. मी विचारलं तर तिचे वडील म्हणाले, ‘‘पोरीनं सांगितलं हे. म्हणे, एक बाजू तशीच राहू द्या, पाहू काय होतं.’’